ही उचल नाही म्हणे

एवढा उशीर का केलास, असं मला कोणी विचारलेलं नाही, तरी सांगते, बाबा. समाजाच्या शिक्षण फंडाचा कागद मी महिनाभर तांदळाच्या कणगीत दडवून ठेवला. तुझ्या नातवाला मुंबईच्या कॉलेजात जायचंय. फंडवाले फी भरणार, नोकरी लागली की त्याने थोडे थोडे परत करायचे, व्याज नाही, आणि बाप नाही म्हणून खाली जामीन माझी सही. मला काही पटेना. उगाच कोण कोणाला पैसे देतं? मिठागराचा शेठही गणपतीत हसतहसत उचल द्यायचा, आणि दिवाळी सरली की अख्खं घर त्याच्या मिठात उभं. कोणाचं लगीन असो, कोणी आजारी असो, उचल फिटेपर्यंत हलायचं नाही. पोरगा रोज विचारी, "आये, कागद आला का?" मी म्हणे, "टपालवाल्याला विचार." शेवटची तारीख उद्यावर आली तेव्हा तो खरंच विचारून आला, कागद महिन्यामागेच घरी दिलाय म्हणून, आणि जेवला नाही. मग काढला कागद. त्याने त्याला चिकटलेला कोंडा झटकला आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी पेणला फंडाच्या कचेरीत गेलो. मी कारकुनाला सरळ सांगितलं, "पोराला बांधू नका. मीच येते तुमच्याकडे राबायला, उचल फिटेपर्यंत."

तो म्हणाला, "काकी, इथे राबायला काय हाय? खुर्च्या पुसाल?"

"पुसीन."

पोरगा खाली मान घालून बसला. कारकून म्हणाला, "काकी, ही उचल न्हाय. तो कुठेही नोकरी करू दे, आम्ही त्याला बोलावणार न्हाय."

"आणि नोकरी लागलीच न्हाय तर?"

"थांबू."

"आणि हा पळाला तर?"

"तर तुमच्या दारात येऊ."

एवढं मात्र खरं बोलला, म्हणून जरा विश्वास बसला. तरी सगळा कागद तीनदा वाचून घेतला, मागची बारीक अक्षरंही. कारकून घड्याळ बघत होता. बघू दे. मग केली सही.

ती करताना हात का थांबला, ते पोराला सांगितलं नाही. मी दुसरीत आहे. शेठचा मुकादम उचलीचा कागद घेऊन आपल्या ओटीवर बसलाय, तू अंगठ्याला शाई लावून थांबलायस. "बाय, वाच गो, काय लिवलंय." दारात चार माणसं उभी, आणि आपली पोर वाचणार म्हणून तू ताठ बसलायस. कागद मोडीत होता. मला नुसतं बाळबोध येत होतं. मी कागदावरून बोट फिरवलं आणि म्हटलं, "मुकादम सांगतो तसंच हाय." त्यात कामाला माझंही नाव होतं, हे दिवाळीनंतर मुकादम मला न्यायला आला तेव्हा कळलं. शाळा सुटली ती तेव्हाच. त्याने फसवलं म्हणून तू मरेपर्यंत त्याला शिव्या घातल्यास. मी ऐकत राहिले. मला त्यातलं एक अक्षरही वाचता आलं नव्हतं, बाबा. तुला लिहिलेला हा कागद कुठे धाडायचा नाही.