चौथा पाट

लोणावळा, ४ नोव्हेंबर १९६६
पोचले एकदाची! पुण्याची खोली कायमची सोडून, दोन ट्रंका घेऊन. शाळेपासूनची मैत्रीण द्वारका स्टेशनवर जातीनं टांगा घेऊन आली होती. ‘उरलेलं आयुष्य एकत्र काढू,’ असं तिचं पत्र होतं. घरात ती, तिचे यजमान नाना आणि नणंद अक्का. मला जेवायला भिंतीकडचा चौथा पाट दिला. त्यावर हळदीकुंकवाचे जुने डाग. गवार करपली होती, पण माया भरपूर.

७ नोव्हेंबर
कामवाल्या हिरीला डागांबद्दल विचारलं. तिघांनी जेवायला बसू नये, म्हणून त्या पाटावर चौथा म्हणून धोंडा असायचा म्हणे! मी पोट धरून हसले. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर तेराला भ्यायच्या. त्या भीतीला इंग्रजीत हातभर लांब शब्द आहे, तो पाठ म्हणून मी बक्षीस मिळवलं होतं. मराठीत तीनच्या भीतीला शब्द नाही, थेट धोंडाच! द्वारकेला हे ऐकवलं. ती हसली नाही.

११ नोव्हेंबर
जेवताना माझ्याशी कुणी बोलत नाही. मीठ तीनदा मागितलं. नानांनी माझ्या डोक्यावरून भांडं पलीकडे दिलं. ही कुठली रीत? डावा पाय जड झालाय. संधिवात, दुसरं काय.

१३ नोव्हेंबर
हिरी आज दार लोटून बोलली. “मावशी, त्यो धोंडा श्रावणात फुटला. चार नवं आनलं, एकबी टिकला न्हाई. जित्तं मानूस लागतं म्हनल्या अक्का. दुसऱ्याच दिशी बाईंनी तुमाला पत्र धाडलं.”
पत्र पुन्हा वाचलं. तारीख श्रावणातलीच.

१५ नोव्हेंबर
ट्रंक भरली. ओसरीच्या पायरीपर्यंतच पोचले. पाय उचलेना. घोट्यावर चमचा आपटला, तर दगडावर आपटल्यासारखा खणकला.
द्वारकेला जाब विचारला. शांतपणे म्हणाली, आम्ही तिघंच राहिलो तर एक जण जाईल. तुझ्यामागे रडणारं तरी कोण आहे?
चाळीस वर्षांची मैत्रीण! माझं एकटेपण मीच तिला पत्रांतून कळवलं होतं. तिनं ते वाणसामानासारखं जपून ठेवलं.

१६ नोव्हेंबर
हिरीला काढून टाकलं. मला पाटावरून कुणी उठवत नाही — अक्कानं कपाळाला हळद लावली, डोळ्यांतही गेली. मी ओरडले — नानांनी आमटी वाढून घेतली.

१७ नोव्हेंबर
कमरेपर्यंत — डावा हातही. उजव्याची तीन बोटं चालतात —
द्वारका पाण्याचा तांब्या घेऊन येतेय. माझ्यावर ओतायला. बघत नाही माझ्याकडे —
द्वारके, निदान नावानं एकदा हाक मार, मी अजून