नकाशातला ठिपका

बोईसर,
रविवार, १८ ऑगस्ट १९६८

विश्रामदादा,

नमस्कार. घरी वहिनी आणि हंसा खुशाल आहेत असं धरून चालतो. नारळी पौर्णिमा झाली, म्हणजे एडवणच्या होड्या पुन्हा पाण्यात गेल्या असतील. इथं चिखल आणि डास सोडून सांगण्यासारखं काही नाही. खानावळवाल्यानं डाळीत पाणी वाढवलंय. तुम्ही असतात तर एका वाक्यात त्याला सरळ केलं असतंत. मी मुकाट्यानं जेवतो.

चार महिन्यांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. वेळ नव्हता असं लिहिणार होतो, पण रविवारी मी दुपारभर लोळत असतो हे तुम्हाला ठाऊक आहे.

कारखान्याच्या दुसऱ्या गोदामाचं काम चालू आहे. रचना तीच. पत्र्याखालून तांब्याची बारीक नळी, तिच्यावर दर दहा फुटांवर पितळेचा पोकळ गोळा, आत नुसती हवा. आग लागली की गोळ्यातली हवा झटक्यानं फुगते, नळीतून जाऊन व्हॉल्व्हचा पडदा ढकलते आणि छताखालच्या फवाऱ्यांच्या सगळ्या तोंडांतून एकदम पाणी सुटतं. वीज नको, माणूस नको. तुम्ही पहिल्यांदा ऐकलंत तेव्हा म्हणाला होतात, "म्हंजे हवाच राखणदार हाय." साहेबांना तेवढंच समजवायला मला अर्धा तास लागला होता.

आणि ते भोक. उन्हानं पत्रा तापला तरी हवा फुगतेच, पण सावकाश. ती निघून जावी म्हणून नळीला सुईच्या टोकाएवढं भोक. मोठं ठेवलं तर खऱ्या आगीची हवाही निसटणार, लहान ठेवलं तर उन्हानंच व्हॉल्व्ह उघडणार. त्या मापासाठी मी तीन आठवडे पत्र्याखाली स्टोव्ह पेटवून घाम गाळत बसलो होतो, आठवतं ना? तुम्ही मला ताक आणून देत होतात, पण कसलं माप घेतोय ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. इतकं सगळं करून नकाशात मी काय काढलं, तर एक ठिपका. शेजारी एक अक्षर नाही.

आता तुम्ही म्हणाल, ठिपक्याशेजारी टीप होती की. त्यावर येतो. जरा दम धरा.

जानेवारीत नळीला साबणाचं पाणी लावून गळती तपासत होतो. कुठंही बुडबुडा दिसला की बंद करायचं, हे मीच सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं. साबण लावणाऱ्या नवसीला एक बुडबुडा दिसला. तुम्ही नकाशा घेऊन माझ्या टेबलाशी आलात. "गुंजालसायेब, ह्यो टिपका कसला?" मी मुंबईच्या फोनवर होतो. मान वर न करता म्हणालो, शाईचा असेल. तुम्ही गेलात आणि डाख देऊन भोक बंद केलंत. गळकं काम हातून जाऊ द्यायचं नाही ही तुमची जन्माची खोड.

थंडीत काही झालं नाही. एप्रिलात एका दुपारी पत्रा तापला, व्हॉल्व्ह उघडला आणि आगीचा पत्ता नसताना गोदामात पूर आला. रंगाच्या भुकटीच्या गोण्या फुटून निळं पाणी पार शेतापर्यंत गेलं. हमालीला आलेला नवसीचा नवरा घसरला, त्याचं मनगट मोडलं. (आता बरं आहे. यंदाची भातलावणी त्यानंच केली.)

दुसऱ्या दिवशी चौकशी होती. त्या संध्याकाळी कचेरी रिकामी झाल्यावर मी मूळ नकाशा टेबलावर पसरला आणि ठिपक्याशेजारी शाईनं लिहिलं, "हे छिद्र बंद करू नये." तारीख जानेवारीचीच ठेवली. सकाळी नव्या प्रती काढल्या. तुमच्या हातातली प्रत गोदामात भिजून तिचा लगदा झाला होता, हे मी आधी बघून आलो होतो.

लिहिलं एकदाचं. दादा, मी भ्यालो होतो. नोकरी जाईल, सिन्नरला आई काय खाईल, एवढंच डोक्यात होतं. तुमचा विचार आला नाही असं नाही. आला, आणि मी तो बाजूला सारला.

चौकशीत त्यातली एक नवी प्रत तुमच्यापुढं ठेवली. तुम्ही ती डोळ्यांजवळ नेलीत, मग हात लांब करून धरलीत. म्हणालात, "लिवलाय खरा. मना दिसला नाय. माजे डोलेच गेले आसतील." मी शाईबद्दल काय बोललो होतो ते तुम्ही तोंडातून काढलं नाहीत. मी शेजारीच बसलो होतो, माझ्याकडं बघितलंतसुद्धा नाही. तुमच्या दाखल्यावर "निष्काळजीपणामुळे कमी केले" असं लिहिलं गेलं, आणि माझ्या नकाशाचं कौतुक झालं.

गेल्या बुधवारी नवसी नव्या नळीला साबण लावत होती. मला हाक मारून म्हणाली, "सायेब, ह्यो भोक ऱ्हाऊ द्यायचा ना?" मी म्हटलं, हो, नकाशात लिहिलंय. तर म्हणाली, "दादाच्या नकाशात पन लिवला व्हता म्हंतात. दादानं आता चष्मा क्येलाय. आमी भेटाया गेलतो. पाइपाला हातच लावत नाय. हात चालतो, पन डोल्यावर इश्वास नाय ऱ्हायला, आसा बोलला."

तिनं ते सहज सांगितलं आणि पुढच्या जोडाला साबण लावायला गेली. तुमची नोकरी गेली हे मला माहीत होतं आणि त्याची मी मनाशी काहीतरी समजूत काढली होती. पण तीस वर्षं ज्या डोळ्यांनी केसाएवढी चीर हेरली, ते तुमचे डोळे मी तुम्हालाच खोटे पाडायला लावले, हे मला तोवर कळलं नव्हतं. माझी मलाच किळस आली.

काल सगळं लिहून, सही करून साहेबांना दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, सोमवारी बोलू. मला मुंबईच्या कचेरीत बढती मिळणार होती, ती गेली हे त्यांच्या आवाजावरून समजलं. इथलीही नोकरी बहुधा जाईल. तुम्हाला परत घेतील का, हे मी विचारलं. त्यांनी कागद खणात टाकला, म्हणून तुम्हाला खोटी आशा लावत नाही. दाखला मात्र बदलून घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही.

माफी पत्रातून मागायची गोष्ट नाही. तुम्ही "ये" म्हणालात तर येईन. नाही म्हणालात तरी तुमचं बरोबरच असेल.

सोबत जानेवारीची एक प्रत पाठवतोय. जादा म्हणून मी ती तेव्हाच ट्रंकेच्या तळाला अंथरली होती, तेवढी एकच उरली. उजेडात धरा. चष्मा लावून बघा, काढून बघा. हंसालाही दाखवा. ठिपक्याशेजारी काही लिहिलेलं नाही. तुम्हाला दिसलं नाही, कारण तिथं ते नव्हतंच.

तुमचे डोळे चांगले आहेत, दादा.

हा नकाशा काढणारा, आणि त्यावर मागाहून लिहिणारा,
पंढरी गुंजाळ