नक्की येऊ ना?

३ फेब्रुवारी, सोमवार

घर मिळालं एकदाचं. सामान वर आलंय, गादी पसरलीय आणि तिच्यावर पाय लांब करून मी हे लिहितेय. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर. आतल्या खोलीला दार आणि दाराला आतून कडी. आल्या आल्या आधी ती कडी लावून पाहिली, पंखा नंतर. दादाकडे आई हॉलमधल्या दिवाणावर झोपते. वहिनीची मालिका संपेपर्यंत बिचारीला पाठ टेकता येत नाही. मागे फोनवर म्हणाली, मला फार काही नको गं, मला लावता येईल असं एक दार दे. देते म्हटलं. आता देणार. एक तारखेला ती येतेय.

घर शोधताना मात्र जीव मेटाकुटीला आला. त्या ऑनलाइन जाहिराती म्हणजे खड्यांतून तांदूळ निवडणं. एक मालक परदेशात, चावी कुरियरने पाठवणार, आधी फक्त टोकन द्या. दुसऱ्याच्या फोटोतला दिवाणखाना शोधला तर तो कुठल्याशा हॉटेलचा निघाला. तिसऱ्याला आजच पैसे हवे होते, कारण म्हणे आणखी चार गिऱ्हाईकं रांगेत आहेत. मागच्या शहरात माझं तोंड दुधाने पोळलंय, तेव्हा या वेळी ताक फुंकूनच प्यायले. घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दमडी नाही. मालकाचं वीजबिल, कराची पावती, ओळखपत्र, तिन्हींवरचं नाव जुळवलं. करार नोंदवला आणि मग अनामत दिली. मालक वैतागून म्हणाले, बाई, स्थळ बघायला आल्यासारख्या चौकशा करताय. भाडं इतकं कमी का, हेही विचारलं. म्हणाले, भाडेकरू टिकत नाहीत. मी टिकणार आहे. आता पुन्हा खोकी बांधायची ताकद नाही माझ्यात.

५ फेब्रुवारी, बुधवार

कामावर रुजू झाले. लॅब छोटी, चारच माणसं. दंतवैद्य साचे पाठवतात, आम्ही कवळ्या करतो. दिवसभर लोकांचे दात घासून संध्याकाळी स्वतःचे घासायचा कंटाळा येतो. समोरच्या दारात एक काकू राहतात, एकट्या. कढी दिली वाटीभर आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. एकटी बाई दिसली की बघतातच लोक. आईला सोबत होईल त्यांची.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी बेल वाजली. दारात एक म्हातारे गृहस्थ, बाजूला पायाने चालवायचं शिलाई मशीन. तीन मजले चढवलेलं, पण धाप नाही लागलेली. म्हणाले, घर मी घेतलंय, अनामत भरलीय, आज राहायला यायला सांगितलंय. फोनवर जाहिरातीचे फोटो दाखवले. माझंच स्वयंपाकघर, फक्त भिंती हिरव्या.

मला त्यांची दया आली आणि थोडा रागही. घर न बघता पैसे देतं का कोणी? दारातच त्यांना सगळं सांगितलं, आधी घर पाहायचं, मालकाचे कागद मागायचे, घाई करणाऱ्याला पैसे द्यायचे नाहीत, आता पोलिसांत जा. बैल गेला नि झोपा केला, पण सांगितलं. शिंपीकाका खाली मान घालून ऐकत होते. पाण्याचा पेला हातात धरला, प्यायले नाहीत.

निघाले तेव्हा सवयीने म्हटलं, या. ते थांबले. नक्की येऊ ना, असं विचारलं. या की केव्हाही, म्हटलं. जाणाऱ्या माणसाला जा कोण म्हणतं? मशीनला हात लावू का विचारायला वळले, तोवर ते जिना उतरूनही गेले होते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी चहा घेताना मशीनचा आवाज. खडखड, थांबा, खडखड. आतल्या खोलीतून आल्यासारखा वाटला. गेले तर काही नाही. खालच्या मजल्यावर कोणी शिवत असेल. रविवारी आईसाठी पलंग बघायला जायचंय. पाय दुखतात.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज एक नर्सबाई, लोखंडी ट्रंक घेऊन. तीच जाहिरात, तेच हिरवे फोटो. पुन्हा तेच पुराण लावलं, आता मला ते पाठ झालंय. बाई रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली की हॉस्टेल सोडून आलेय, आता परत कुठे जाऊ. निघताना तिला म्हटलं, या हं. तिनेही विचारलं, नक्की येऊ ना?

जाहिरात पुन्हा शोधली, कुठेच सापडत नाही. मालक फोन उचलत नाहीत.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कामावरून आले तर न्हाणीघर ओलं. जंतुनाशकाचा वास. आतल्या खोलीचं दार उघडेना. खांद्याने रेटून पाहिलं. आतून कडी.

सुताराला बोलावलं. त्याने नुसता हात लावला आणि दार उघडलं. ताई, कडी अशी आपोआप पडत नाही हो, म्हणाला. येण्याचे पैसे मात्र घेतले.

पलंग आला. गादीवर कोणीतरी बसून उठल्यासारखा खोलगट भाग होता. हाताने सारखा केला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

नवं जोडपं. तिच्या हातात बादली, त्याच्या डोक्यावर गादी. मी बोलण्याआधीच ती हसली, जणू ओळखीची. मी दमले होते, आठवडाभर झोप नाही. थोडक्यात सांगितलं आणि दार लावता लावता तोंडातून गेलं. या.

नक्की येऊ ना, दोघं एकदम म्हणाले.

दार लावलं आणि कडी दोनदा तपासली. का, ते कळत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

काकूंनी हाक मारून आत बसवलं. विचारलं, तू दारात उभी राहून कोणाशी बोलतेस? जिन्यात तर कोणी नसतं.

मग सांगितलं. काही वर्षांपूर्वी इथे एक भाडेकरू होता. भिंती तेव्हा हिरव्या होत्या. त्याने या घराचे फोटो टाकून, मीच मालक म्हणून कित्येकांकडून अनामत घेतली. सगळ्यांना ताबा एकाच सकाळी. तो आदल्या दिवशीच पसार. माणसं सामानासकट जिन्यात दाटली, घर माझं, घर माझं म्हणत. जुना कठडा तुटला. एक शिंपी होता, मशीनसकट गेला. एक नर्स. एक नुकतं लग्न झालेलं जोडपं.

काकू म्हणाल्या, ते येऊन विचारतात, पण कोणी ये म्हटल्याखेरीज आत येत नाहीत गं. त्याच्यानंतरचे भाडेकरू दारच उघडायचे नाहीत, कंटाळून सोडून जायचे.

मी सगळ्यांना या म्हटलं. तोंड भरून.

मालकांनी शेवटी फोन उचलला. म्हणाले, कागद सगळे खरे होते ना? होते. एकूण एक खरे होते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कुठे जाऊ? अनामत अकरा महिने अडकलेली. दादाने दिवाण विकूनही टाकला. आईची पिशवी भरून तयार. रोज फोनवर विचारते, खिडकीतून काय दिसतं गं? झाड दिसतं म्हणते मी.

मशीन आता दिवसाही चालतं. स्वयंपाकघरात कुजबुज. मी गेले की थांबते — मग हसण्याचा आवाज.

ते काही करत नाहीत. राहतात नुसते. दमलेल्या माणसांसारखे. त्यांचा राग यायला हवा, तोही नीट येत नाही.

आईला इथे कशी आणू? आणि नाही आणली तर कुठे ठेवू?

२६ फेब्रुवारी, बुधवार

काकूंना विचारलं. या म्हटल्यावर येतात, मग जा म्हटल्यावर जातील का? त्या म्हणाल्या, म्हणून बघ. पण मनापासून म्हण, तोंडदेखलं नको.

जमेल का मला? दारात आलेल्या सेल्समनलाही मी जा म्हटलेलं नाही कधी.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

म्हटलं. रजा घेतली, दुपारी घराच्या मधोमध उभी राहिले आणि ओरडले. जा. निघा इथून. जागा नाही तुम्हाला माझ्या घरात. माझ्या जिवावर उठलात, कंटाळले मी तुम्हाला. चालते व्हा. पुन्हा तोंड दाखवू नका. घसा बसेपर्यंत ओरडले. आयुष्यात कोणाशी अशी बोलले नव्हते.

मग शांत. मशीन बंद. कुजबुज बंद. पडल्या पडल्या झोप लागली.

उद्या आई.

१ मार्च, शनिवार

स्टँडवर गेले. आई त्या गाडीत नाही. फोन बंद.

दादा म्हणतो, ती कालच निघाली. तुला चकित करायचं म्हणून सांगू दिलं नाही.

काल.

काकूंचं दार वाजवलं. त्यांनी सांगितलं, काल दुपारी एक बाई जिन्यात पिशवीवर बसलेली होती. रडत होती. काकूंनी आत बोलावलं, आली नाही. म्हणाली, दार वाजवायला हात उचलला आणि आतून पोरगी ओरडली, जा म्हणाली. तिचंही बरोबर आहे, दमलीय ती. सगळ्यांचं ओझं किती ओढणार. काकूंनी सांगितलं तिला, तुला नाही म्हणाली गं ती. नाही ऐकलं. काकूंनी माझं दारही वाजवलं, पण मी गाढ झोपलेली. परतीची गाडी मिळेल, म्हणाली आई. गेली.

दादाकडे पोचलेली नाही.

२ मार्च, रविवार

पोलिसांत फोटो दिला. हवालदाराने विचारलं, घरात काही भांडण? मी काय सांगू — सगळ्या स्टँडवर — दवाखान्यात —

घर शांत आहे. कोणी नाही. तेच असते तर बरं झालं असतं, विचारलं असतं त्यांना, माझी आई कुठे दिसली का.

३ मार्च

फोन आला. नदीच्या पुलाजवळ एक पिशवी. दादा निघालाय ओळख पटवायला. मी कपडे बदलतेय आणि —

बेल.

आईचा आवाज. मी आहे गं.

काकूंना फोन लावला. म्हटलं, दाराच्या भोकातून बघा, कोण आहे. त्या बघून म्हणाल्या, कोणी नाही बाई. जिना रिकामा आहे. उघडू नकोस. बोलूही नकोस.

पुन्हा बेल. चिडलेली नाही. रडतही नाही. दमलेली —

येऊ का गं?

दादाचा फोन वाजतोय. उचलत नाही. तो काय सांगणार ते —

काकू ओरडताहेत पलीकडून, नको नको —

नक्की येऊ ना?

एकदा जा म्हटलंय मी तिला. पुन्हा नाही म्हणणार. उठतेय. आई, थांब, जाऊ नकोस, उघडते — ये, ये गं आत, इथेच तर तुझी —