बदलून आणलेली कादंबरी

२४ डिसेंबर

दिलं एकदाचं! पोहण्याच्या तलावावरच्या गरम कुंडातून बाहेर पडल्या पडल्या, ओल्या केसांनिशी, एग्गर्टच्या हातात पुडकं कोंबलं.

"कादंबरी आहे की वीट?" तो.

"संध्याकाळी उघडून बघ," मी.

आत या वर्षीची ती गाजलेली जाड कादंबरी, दीपगृह सांभाळणाऱ्या बाईची. आणि दोनशे बाराव्या पानावर माझं पत्र. चारच ओळी. वर्षभर आपण दुसऱ्यांच्या आयुष्यांबद्दल बोललो. आता नववर्षाच्या दिवशी बारा वाजता माझ्याकडे जेवायला ये, पुस्तक न आणता. यायचं नसेल तर काही बोलू नकोस. पाण्यात आपण होतो तसेच राहू.

त्रेसष्टाव्या वर्षी हे धाडस!

२५ डिसेंबर

दिवसभर अंथरुणात. धुरी दिलेलं मटण, बटाटे, मांडीवर पुस्तक. नाताळची भेट मिळालेली पुस्तकं घेऊन अख्खं हुसाविक गाव आज असंच लोळत वाचत असणार.

वाचणं कसलं! या वहीच्या मागच्या पानांवरची यादीच चाळत बसले. एकेचाळीस कादंबऱ्या झाल्या वर्षात. बावीस त्यानं मला सुचवलेल्या, एकोणीस मी त्याला. जानेवारीत त्याची ती मेंढीचोराची कादंबरी मी भिंतीवर फेकली होती. तीनशे पानं नुसतं धुकं! तर म्हणतो, "रागना, मेंढ्या धुक्यातच चोरतात." पुन्हा वाचली. बरोबर होता मेला. मेमध्ये मी त्याला सुईणीची दिली. जन्मभर जहाजांची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस, रडला! कबूल नाही केलं. कुंडाची वाफ डोळ्यांत गेली म्हणे.

नवरा गेल्यापासून नऊ वर्षं मी वाचत होतेच. पण वाचलेलं सांगायला कुणी नव्हतं. हे गेलं तर मी काय करू?

२६ डिसेंबर

तलाव बंद. फोन गप्प.

२८ डिसेंबर

देवा! देवा!

सकाळी कुंडात तिघंच – एग्गर्ट, मी आणि डिसा. डिसाच्या कानावर पडलेलं दुपारपर्यंत बंदरावर पोचतं. एग्गर्ट सहज म्हणाला, "अगं, तुझी कादंबरी मला मुलीनंही दिली. तिनं पहिल्या पानावर नाव घातलंय, ती प्रत दुकानात बदलून घेईनात. म्हणून तुझी काल बदलून आणली."

बदलून आणली!!

डिसा खो खो हसली. "या वर्षी प्रत्येकाला तीच मिळालीय! काल दुकानात ही रांग!"

मागच्या बाजूला दुकानाची, पुस्तक बदलून मिळेल अशी चिठ्ठी मीच तर चिकटवून घेतली होती, सगळेच घेतात! अख्खं गाव एकच कादंबरी वाटत सुटलंय, आणि मला पत्र ठेवायला तीच सापडावी! गाढव, गाढव!

एग्गर्ट म्हणाला, "रागना, थांब, जरा बोलायचं—" मी थांबते कसली. पाण्यातून उडीच मारली. वजा चार अंशांत, अनवाणी, थेट कपड्यांच्या खोलीत.

म्हणजे त्यानं पत्र पाहिलंच नाही. आणि ते दुकानात पडलंय. खाली माझं नाव!

२९ डिसेंबर

दुकान उघडायच्या आधी दारात उभी. टेबलावर त्या कादंबरीच्या चौदा प्रती. एकेक उलटी धरून झटकली. दुकानवाली उना बघतच राहिली.

"रागना, त्यांत काही जिवंत आहे का?"

"छपाई बघतेय," म्हटलं. काय वाट्टेल ते बोलते मी!

चौदांमध्ये काही नाही. परत आलेल्यांतली एकच विकली गेली, म्हणाली उना. कुणाला? डिसाला.

डिसाला! खुर्ची मागून घेतली आणि बसले.

३० डिसेंबर

गेले. दुसरा इलाज नव्हता. डिसानं कॉफी दिली, केक दिला, आणि सगळा वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, ती कादंबरी जरा बघू दे, एक वाक्य आठवत नाहीये. तिनं आणून दिली. नणंदेसाठी घेतलेली, अजून उघडलेलीही नव्हती. दोनशे बारावं पान काढलं.

काही नाही. नुसतं पान. दीपगृहातली बाई दिव्याची काच पुसतेय.

"सापडलं वाक्य?" डिसा.

"नाही."

"अगंबाई, तू पांढरी का पडलीस?"

घरी येताना मध्येच लक्षात आलं आणि रस्त्यात उभीच राहिले. दुकानात नाही, डिसाकडे नाही. मग पत्र दुकानात गेलंच नव्हतं! एग्गर्टनं ते आधीच काढून घेतलं. त्यानं वाचलंय. वाचून, शांतपणे, पुस्तक बदलून आणलंय. आणि परवा मला म्हणे जरा बोलायचंय – नकार गोड करून सांगायचा असेल, दुसरं काय?

मीच लिहिलं होतं, यायचं नसेल तर बोलू नकोस. नाही बोलला पत्राबद्दल एक शब्द.

गावाला कळलं असतं तरी परवडलं असतं. हे नाही परवडत.

३१ डिसेंबर

तलावावर गेले नाही. आणलेलं मटण बर्फात टाकून दिलं. उद्या कशाला शिजवायचं! फोन दोनदा वाजला, उचलला नाही. बाहेर फटाके सुरू झालेत. यादीखाली रेघ मारली. एकेचाळीस. पुरे.

१ जानेवारी

बारा वाजता दारावर थाप. एग्गर्ट! इस्त्रीचा शर्ट, हातात पुस्तक नाही. घरात शिजलेला बटाटासुद्धा नव्हता. तो आत्ता बटाटेच सोलतोय आणि मी बाजूला बसून हे लिहितेय, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

"डिसासमोर काय बोलणार होतो मी?" म्हणाला. "फोन तू उचलत नाहीस. आणि पुस्तक बदललं म्हणून रुसलीस? अगं, पुस्तकं दोन होती. पत्र एकच होतं."