बटणं नसलेली लिफ्ट

माय, तुझ्या पाया पडते. मी खुशाल हाये, मुंबईचं पाणी मानवलंय.

आज जरा गंमत झाली. मी सांभाळते ते बाळ झोपलं म्हणून पार्सल आणाया जिन्यानं खाली गेल्ते. वर जायला उघडी लिफ्ट दिसली, शिरले. आत बटणंच न्हाईत! तीर्थपुरीच्या जीपमधी आपण आधी बसतो, मंग गाव सांगतो. हितं मजला बाहेरच दाबायचा, मंग मशीन सांगतं कोणत्या लिफ्टीत बसायचं. रोज संगट मालकीणबाई असत्यात, त्याच दाबत्यात. आमचा मजला मागं पडला, लिफ्ट थांबंना. संगटची माणसं पार शेंड्याला चालली होती. घरात एकटं टाकलेलं बाळ माझ्या कानात रडून राह्यलं होतं.

परत आले तर झोपेतच होतं. आता त्याच्या उशाशी बसूनच लिवतेय.

माझी ईश्वरी दुपारची झोपते का गं तुझ्यापाशी? ती झोपली की दारापोतर बी जाऊ नको, माय.

तुझीच,
दैवशाला