दोनशे किलोमीटरवरून

कळंबा, कोल्हापूर
रविवार सकाळ

प्रिय अरीब,

पाकिटावरचं अक्षर बघून तू आधी हसला असशील. पॉलिटेक्निकला असताना स्वतःची जर्नल्ससुद्धा तुझ्याकडून लिहून घेणारा जित्या आज हाताने पत्र लिहितोय! हस बाबा, पण मध्येच टाकून देऊ नकोस, शेवटपर्यंत वाच. तुझी-माझी मैत्री राहणार की नाही ते या पत्रावर आहे, आणि ती राहावी असं मला फार वाटतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण थोड्या वेळाने मी नेहमीसारखा स्वतःची बाजू मांडायला लागेन आणि तुला राग येईल.

घरचं ठीक आहे. आप्पा मार्चमध्ये जेलमधून सुटले, म्हणजे जेलच्या नोकरीतून निवृत्त झाले. लगेच दात काढू नकोस. आता दिवसभर घरीच असतात आणि पोरगा लॅपटॉपवर जहाजांची मारामारी बघत बसतो ती नोकरी कसली, असं येईल त्या पाहुण्याला विचारतात. मी समजावून सांगायचं सोडून दिलंय. 'नवतारा' या आमच्या ऑनलाइन खेळात हजारो माणसं एकाच वेळी आपापली जहाजं घेऊन लढतात, आणि त्यातलं कुठलंही एक शस्त्र इतकं वरचढ होऊ नये की बाकीच्यांच्या खेळण्याला अर्थच उरणार नाही, एवढं बघायचं म्हणजे माझं काम. तराजू धरून बसायचं. तुला हे एका वाक्यात कळलं होतं. तू म्हणाला होतास, "म्हंजे ताण बघायचा. एका बाजूनं जास्त वडलं की कापड वाकडं जातंय." त्यानंतर कंपनीतल्या कितीतरी नव्या माणसांना मी हेच सांगितलं, तुझं नाव न घेता.

तुमच्या कबनूरच्या शेडमध्ये मी पहिल्यांदा आलो तो दिवस अजून आठवतो. चोवीस माग एकदम चालू होते, मला स्वतःचा आवाजही ऐकू येईना, आणि बादशहाचाचा लांबूनच बोटं तोंडाकडे नेऊन विचारत होते, जेवलास का? तिथे कुणी बोलतच नव्हतं. सगळं हातवारे आणि ओठांवर चाललेलं. तू दहा मागांच्या पलीकडून माझे ओठ वाचून मला शिवी परत केलीस तेव्हा मला ती जादूच वाटली होती. चाचा गेल्यावर शेड तुझ्या गळ्यात पडली आणि मी इकडे संगणकाच्या नोकरीला लागलो. पण रविवार दुपार आपली होती. आजऱ्याच्या काजू कारखान्यातला ऋतुराज आपल्या पंचगंगा फ्लीटचा सेनापती, त्याच्या मागे आपण साठ-सत्तर जण, आणि सगळ्यांच्या मागे, खेळातल्या दोनशे किलोमीटरवर, तू.

तू जॅमर घेतलास तेव्हा मी तुझी किती टर उडवली होती. एकही तोफ नसलेलं जहाज घेऊन लढाईला कोण जातं? पण त्या जहाजातून तू खोट्या लहरी सोडायचास आणि समोरच्या भल्यामोठ्या युद्धनौकेचा नेम वीस सेकंद लागायचाच नाही. वीस सेकंद संपायच्या आत दुसरी लहर. कुठल्या नौकेचा नेम आता लागणार, हे तुला आधीच कळायचं, कुठल्या मागावरचा धागा आता तुटणार ते कळावं तसं. फ्लीटमध्ये सगळे माईकवर कल्ला करायचे, तू मात्र गप्प. ऋतुराज म्हणायचा, "अरीबला बोलवायला लागत न्हाय, त्याला दिसतंय की सगळं." मला तुझा अभिमान होता. तो तुला कधी बोलून दाखवला नाही, हेही आज लिहून टाकतो.

मग ते प्रकरण सुरू झालं. तीन-तीन हजार जहाजांच्या लढाया व्हायला लागल्या आणि दोन्ही बाजू दोनशे-तीनशे जॅमर लांब उभे करू लागल्या. तक्रारींचा नुसता ढीग. एक माणूस लिहीत होता की बायकोशी भांडून रविवार मोकळा केला, तीन तास युद्धनौकेत बसलो आणि एकही तोफ डागता आली नाही. कारण ज्याने मला आंधळं केलं तो इतका लांब की मला दिसतसुद्धा नाही. त्याचं काय चुकत होतं? लोक खेळ सोडून जायला लागले. मी एकाच नौकेवर दहा लहरी पडल्या तर पुढच्या लहरींचा जोर कमी होईल असं करून बघितलं. फरक पडला नाही. शेवटी एकच उत्तर उरलं. जॅमरचा पल्ला दोनशेवरून साठवर आणायचा. दुसऱ्याला आंधळं करायचं असेल तर स्वतःही त्याच्या तोफेच्या टप्प्यात यायचं, आणि फ्लीट हलेल तसं फ्लीटबरोबर हलायचं.

हे ठरवायच्या आधी मी कबनूरला आलो होतो. स्टँडजवळच्या टपरीवर आपण समोरासमोर बसलो. कंपनीतलं बाहेर सांगायचं नसतं म्हणून मी आडून विचारलं, जॅमरवाल्यांना जवळ येऊन लढायला आवडेल का? तू माझ्या तोंडाकडे बघत होतास, चहा तसाच होता. मग म्हणालास, "लांबच बरं हाय की, जित्या. तितं कुणी वरडत न्हाय." मी हसलो. घरी येऊन टिपणात लिहिलं, की आमच्या सगळ्यात चांगल्या जॅमर खेळाडूच्या मते लांब उभं राहणाऱ्यावर काहीच दडपण नसतं, ते आणलं पाहिजे. कंपनीत ते वाक्य सगळ्यांना पटलं. माझा मुद्दा तुझ्या वाक्यावर उभा राहिला, अरीब, आणि तू काय सांगत होतास ते मी विचारलंच नाही.

बदल झाला आणि लढाया सुधारल्या. हे मला खोटं सांगता येणार नाही. सोडून गेलेली माणसं परत आली, माझं कौतुकही झालं. इकडे आपल्या फ्लीटमध्ये मात्र ऋतुराज माईकवर ओरडायचा, "सगळी माझ्याकडं या, आत्ताच्या आत्ता!" सगळे वळायचे आणि तुझं जहाज होतं तिथेच, एकटं. पहिल्या रविवारी बुडालं, दुसऱ्या रविवारी बुडालं. तिसऱ्या रविवारी तुझ्यामागून येणारी अकरा जहाजं तुझ्याबरोबर गेली आणि संध्याकाळी ऋतुराजने तुझं नाव यादीतून काढलं. मला वाटलं, तू मुद्दाम करतोयस. पल्ला मी कमी केला म्हणून माझ्यावर डूख धरून बसलायस.

मी तुला फोन केले, तू एकही उचलला नाहीस. मग लिहायचा कंटाळा म्हणून व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज पाठवत राहिलो. आज मोजले, चौदा आहेत. एक तर सहा मिनिटांचा, त्यात मी चक्क माफी मागितली होती. तू एकही उघडला नाहीस. दिवाळीनंतर एकदा कबनूरला आलो तर तू त्याच टपरीवर पाठमोरा बसला होतास. मी रस्त्यापलीकडून तीन हाका मारल्या. टपरीवाल्याने बघितलं, बाकावरची दोन माणसं वळली, तू वळला नाहीस. माझ्या डोक्यात सणक गेली. गाडी फिरवली आणि घरी येऊन अक्षताला सांगितलं की हा विषय आता संपला. बायकोसमोर डोळ्यांत पाणी आलं याचाही राग तुझ्यावरच काढला.

मागच्या सोमवारी अक्षताला तिच्या हॉस्पिटलमध्ये सदफ भेटली. कानाच्या विभागाबाहेर तुझे कागद घेऊन उभी होती. अक्षता तिथे काम करते हे तिच्या ध्यानातच नव्हतं, बघितल्यावर रडायलाच लागली. तिने सांगितलं, की भाईला तीन वर्षांपासून कमी ऐकू येतंय, डावा कान पूर्ण गेलाय, उजवाही चाललाय. शेडमध्ये सगळेच हातांनी बोलतात, म्हणून कुणाला कळलं नाही. घरात शमशादचाची समोर बसून बोलतात, म्हणून त्यांनाही उशिरा कळलं. यंत्र लावायला तू तयार नाहीस आणि कुणाला सांगायचं नाही अशी तू तिला शपथ घातलीयस. तिच्यावर चिडू नकोस. ती एवढंच म्हणाली, "पहले इतवारी तरी भाई हसायचा."

अरीब, मी रात्रंदिवस आकड्यांत बसणारा माणूस. कोण किती लांबून किती वेळा लहर सोडतो, हे माझ्याकडे सेकंदाच्या हिशेबाने आहे. तू लांब का उभा राहतोस, हे तेवढं नव्हतं. तिथे तुला फक्त डोळे लागत होते. जवळ आणल्यावर कान लागायला लागले. आठवडाभर मी कंपनीच्या मागे लागलोय, की सेनापतीचा हुकूम पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटला पाहिजे. हो म्हणालेत, कधी ते सांगत नाहीत. पल्ला मात्र परत वाढणार नाही. मी तसं मागितलंही नाही, कारण तो माणूस तीन तास तोफ न डागता बसला होता तो खरा होता. तुझ्यासाठी मी त्याच्यावर पुन्हा अन्याय करू शकत नाही. आणि हे लिहिताना मला तुझ्या नजरेला नजर द्यायची नाहीये, म्हणून बरं वाटतंय, त्याचीही लाज वाटते.

एवढं सगळं मोबाईलवर लिहिलं असतं तर तू एक अंगठा पाठवून मोकळा झाला असतास, आणि मीही सुटलो असतो. पण एक गोष्ट अजून राहिलीय आणि ती तुला माहीत नाही. त्या तिसऱ्या रविवारी मी फ्लीटच्या माईकवर होतो. तुझं जहाज हललं नाही तेव्हा ऋतुराज ओरडला, "आरं, भैरा झालायस व्हय रं?" आणि मी म्हणालो, "कबनूरचा हाय त्यो, मागाच्या खडखडाटात जन्मलाय. त्याला काय ऐकू येतंय!" सत्तर माणसं हसली. सगळ्यात जास्त मी हसलो. तू त्या वेळी पडद्यावर आमची जहाजं शोधत होतास आणि तुला त्यातलं काहीच कळलं नाही. तुला हे कधीच कुणी सांगणार नव्हतं. माझ्यावर फक्त पल्ल्याचा राग धरून, एक दिवस तो विसरून, तू मला जवळ केलं असतंस. तसं तुला फसवून मला परत यायचं नाही. तुला जे ऐकू आलं नाही, ते माझ्याच हाताने तुला कळवावं, एवढ्यासाठी हे लिहिलं.

तू म्हणशील तरच तुझाच,
जित्या