खरखर चालू राहू दे

प्रिय माजनी,

तुझा फोन येऊन आठ दिवस झाले. तू वडिलांबद्दल एवढंच विचारलंस, "खुडा, आबुने खरंच बॅटरी भरली नव्हती का?" आणि मी, तुझा मानलेला काका, म्हणालो, आवाज नीट येत नाही, पत्र लिहितो. आवाज अगदी स्वच्छ येत होता. एकोणतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाने असली सबब सांगावी, यावरूनच तुला काय ते कळायला हवं होतं. पण तू पडलीस भोळी, म्हणालीस, बरं, वाट बघते.

वनरक्षकांच्या प्रशिक्षणाच्या वर्गात वायरलेसचा धडा शिकवताना साहेबांनी ती गोष्ट सांगितली, हे ऐकल्यापासून मला जेवण गोड लागत नाही. एका गार्डने पुराच्या दिवसांत बॅटरी भरली नाही, रानम्हैस अंगावर आली तेव्हा त्याचा सेट मुका होता, आणि माणूस हकनाक गेला. साहेबांनी नाव घेतलं नाही, पण आबुचा कोहुवाबारी कॅम्प म्हटल्यावर तू मान खाली घातलीस. आणि पुढच्या बाकावरची कुणी मुलगी म्हणाली, इतका आळशी माणूस जंगलात आलाच कशाला. तुझ्या जागी तुझा आबु असता तर त्याने तिला नंतर चहा पाजून सरळ केली असती.

सोमवारी तू आमच्याच रेंजमध्ये, याच वनक्षेत्रात, हजर होणार. तुझ्या प्रश्नाचं उत्तर या पत्रात आहे, पण मी त्याच्याकडे माझ्या चालीने जाणार. दमलोय गं. आधी सेटबद्दल सांगू दे, नाहीतरी ते सांगणं माझं कामच आहे.

सेट हातात आला की सगळ्या पोरांना वाटतं, हा मोबाइलच. तो मोबाइल नव्हे. इथे एका वेळी एकानेच बोलायचं. बाजूची मोठी कळ दाबायची, एक श्वास थांबायचं आणि मग तोंड उघडायचं, नाहीतर पहिला शब्द हवेत जातो आणि "हत्ती नाही" मधला हत्ती नाहीसा होऊन नुसतं "नाही" पोचतं. बोलून झालं की कळ सोडायची. तू कळ सोडली नाहीस तर सगळ्या जंगलाला तुझंच ऐकत बसावं लागतं. तुझा आबु एकदा सेटवर मांडी ठेवून बसला. कळ दाबली गेली आणि पाऊण तास चौतीस कॅम्पांनी ऐकलं, की तांदळाची दारू तुझ्या आईसारखी या नदीकाठावर कुणाला जमत नाही, आणि मोठ्या साहेबांचं पोट कसं त्यांच्या आधी जीपमधून उतरतं. मोठे साहेब तेव्हा माझ्यासमोरच चहा पीत होते. मला त्याला थांबवता येईना, कारण दाबलेल्या कळीपुढे कुणाचंच चालत नाही. शेवटी साहेबच हसले. त्या दिवसानंतर आठवडाभर जो तो तुझ्या आबुला विचारायचा, पदेश्वर, आज कशावर बसलायस?

सेटला एक सांकेतिक आकडा लावता येतो. तो लावला की आपलं बोलणं गुपित राहतं असं नवीन पोरं समजतात. तसं काही नाही. त्याने फक्त आपल्याला परके आवाज ऐकू येत नाहीत, परक्यांना आपले येतात. शिंगासाठी आलेला शिकारीही ऐकत असतो, तेव्हा गेंडा कुठे चरतोय हे उघड बोलायचं नाही. आवाज जवळ पाठवायचा की लांब, तेही ठरवता येतं. लांबचा लावला की बॅटरी लवकर संपते. अँटेनाला धरून सेट उचलायचा नाही. आणि शक्य तेवढं उंचावर जाऊन बोलायचं. मचाण, हत्तीची पाठ, काही नाही तर मुंग्यांचं वारूळ. माणसाच्या दुप्पट उंच गवतात जमिनीवरून बोललेलं फार दूर जात नाही. हे वाक्य लक्षात ठेव.

बॅटरीचं मात्र मी तुला काय शिकवू? ते तुझ्या आबुकडून शिकायचं. पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून तो जादा बॅटरी प्लास्टिकमध्ये बांधून चुलीवरच्या फळीवर, सुकवलेल्या मासळीच्या शेजारी ठेवायचा. त्याच्या सेटला कायम धुरकट मासळीचा वास. नाकाने सेट ओळखावा तो एवढा एकच. रोज सकाळी सातच्या हजेरीला मी कोहुवाबारी म्हणून हाक मारली की तो आधी बॅटरी किती ते सांगायचा आणि मग स्वतःची तब्येत.

आता ती छोटी कळ. सेटच्या डोक्यावर असते, खरखर दाबायची. कुणी बोलत नसतं तेव्हा सेट सारखा खरखरतो, भर पावसात पत्र्याखाली बसावं तसा. ही कळ फिरवत नेली की खरखर बंद होते आणि फार बरं वाटतं. पण जितकी खरखर दाबशील तितके अशक्त आवाजही दबतात. पूर्ण फिरवलीस तर फक्त जवळचा, जोरकस आवाजच आत येतो. पुस्तकात यावर दीड ओळ आहे.

त्या वर्षी पुराचं पाणी कंट्रोल रूमच्या दुसऱ्या पायरीवर होतं. टेबलावरचा मोठा सेट भिजून बंद पडला होता, हातातल्या सेटवरच सगळं भागवत होतो. बदली माणूस पलीकडे अडकलेला, मी तिसरा दिवस एकटा. अडकलेली हरणं, डुकरं, माणसं, सगळ्यांसाठी सेटवर हाका. कान नुसते सोलून निघाले होते. दुपारी थोड्या हाका थांबल्या. मी ताटात भात वाढून घेतला आणि ती छोटी कळ पूर्ण फिरवली. चार घास शांतपणे खावेत, एवढंच मनात होतं. माजनी, ते चार घास झाल्यावर मी कळ परत फिरवली नाही. भिंतीला टेकून बसलो आणि बरं वाटत राहिलं.

त्याच वेळी तुझा आबु गवतात पडला होता. म्हशीने मांडी फाडली होती. सेट त्याच्या हातात होता आणि तो मला हाक मारत होता. हे मला मोहीराम माहुताकडून कळलं. तो हत्तिणीवर, उंचावर होता, त्याला अंधूक ऐकू आलं, "कंट्रोल, कंट्रोल, कोहुवाबारी." तीनदा. आपल्याकडे रीत आहे, कुणी कंट्रोलला हाक मारली की बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही, कंट्रोल बघून घेतो. मोहीराम रीतीने गप्प राहिला. त्याला वाटलं, मी दुसऱ्या चॅनेलवर उत्तर दिलं असेल. अर्ध्या तासाने न राहवून त्याने मलाच हाक मारली. तो जवळ होता, त्याचा आवाज आत आला. मग होडी गेली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणला असता तर पाय गेला असता, माणूस राहिला असता.

तुझ्या आबुबरोबर त्याचा सेटही आला. चिखलाने भरलेला, त्याच मासळीच्या वासाचा. मी फडक्याने पुसला. हिरवा दिवा लागलेला होता. बॅटरी अर्ध्याहून जास्त भरलेली होती, माजनी. चौकशीचे साहेब पुरामुळे दोन दिवस पोचणार नव्हते. मी तो सेट बंद केला नाही. चालू ठेवून खणात ठेवला, आणि दोन दिवस त्या खणातून बारीक खरखर ऐकत राहिलो, ती थांबेपर्यंत. साहेबांनी खण उघडला तेव्हा दिवा लागला नाही. त्यांनी लिहिलं, बॅटरी संपलेली. मी खाली सही केली. मोहीरामला कुणी विचारलंच नाही.

तेव्हापासून अकरा वर्षं प्रत्येक बिहूला तुमच्याकडे येतो, तुझी आई मला आधी वाढते आणि मग तुम्हाला. तुझ्या भरतीच्या अर्जावर ओळखीचा माणूस म्हणून माझं नाव आहे. मोहीराम अजूनही कधीकधी हजेरीला विचारतो, "कंट्रोल, आज ऐकू येतंय ना?" तो टोमणा आहे की नुसती सवय, हे मी त्याला विचारलं नाही. मला भीती वाटते. आणि त्या दिवसापासून मी छोटी कळ शून्यावर ठेवतो. नवीन पोरं म्हणतात, म्हाताऱ्याला खरखरीशिवाय करमत नाही. घरी, अंथरुणावरही ती कानात चालूच असते. मी फार थकलोय. पण ज्याने आपल्या मित्राचं नाव खराब केलं त्याने थकल्याचं कुणाला सांगावं?

निवृत्तीला सात महिने उरलेत. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं, आणि खरं सांगतो, मी गप्पच बसणार होतो. पण त्या वर्गात तू मान खाली घातलीस. मी सगळं लिहून मोठ्या कचेरीत दिलंय, ते काय करायचं ते करतील. कागद मात्र फायलीत जातात आणि ती गोष्ट तोंडातोंडी फिरते. म्हणून सोमवारी सातच्या हजेरीला मी कळ दाबणार, एक श्वास थांबणार आणि पदेश्वर ताइदची बॅटरी भरलेली होती, कान माझे बंद होते, हे चौतीस कॅम्पांना सांगणार. सांगून होईपर्यंत कळ सोडणार नाही. तू त्या वेळी इथेच, रेंजच्या अंगणात, नवीन सेट घेऊन रांगेत उभी असशील. इतरांबरोबर तुला ते कळू नये, आधी कळावं, म्हणून हे पत्र रसदीच्या गाडीबरोबर पाठवतोय. नंतर माझ्याशी बोलू नकोस, चालेल. फक्त त्या दिवशी मान वर ठेव, आणि छोटी कळ शून्यावर.

अजून म्हणू देशील तर, तुझाच
खगेनखुडा